मैदान घराजवळ हवं : एका व्यावसायिक खेळाडूच्या कारकिर्दीचा धडा



स्मृती-व्याख्यानासाठी आपण खेळ हा विषय निवडलात, याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. आपल्या व्याख्यानमालांत इतिहास असतो, संतसाहित्य असतं, आरोग्य असतं. खेळाला मात्र एखादी संध्याकाळही क्वचितच मिळते. आज ती मिळाली आहे, म्हणून गौरवाची भाषणबाजी न करता एका प्रश्नाचा नीट विचार करू या. व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द कशी उभी राहते? आणि भोर-वेल्ह्यातल्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची ती उभी राहायची असेल, तर आपल्या हातात काय आहे?

त्यासाठी मी दोन खेळाडू आपल्यासमोर ठेवणार आहे. पहिला आहे युरोपातल्या लॅटव्हिया या छोट्या देशाचा बास्केटबॉलपटू क्रिस्तॅप्स पोर्झिंगिस. दुसरा आपल्याच राज्यातला, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा कबड्डीपटू अस्लम इनामदार. दोघांचा खेळ वेगळा आणि दोघांच्या खेळातला पैसा तर जमीन-अस्मानाच्या फरकाचा. तरी दोघांच्या वाटचालीतले टप्पे मला सारखेच दिसतात. आधी खेळायला जागा आणि शिकवणारा माणूस, मग भरपूर सामने, मग लीग, मग दुखापत, आणि दुखापतीनंतरचं परत येणं. यातला एकेक टप्पा कोणीतरी सांभाळावा लागतो. नुसत्या गुणांवर कारकीर्द होत नाही, हे मला आज सांगायचं आहे.

सुरुवात लॅटव्हियापासून करतो. बाल्टिक समुद्राच्या काठचा हा देश आहे आणि त्याची लोकसंख्या एकोणीस लाखांच्याही आत आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या एक-पंचमांश माणसं. पण १९३५ साली जिनिव्हात बास्केटबॉलची पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती याच देशाने जिंकली. पुढच्याच वर्षी, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी जगासमोर कबड्डीचं प्रात्यक्षिक केलं. दोन्ही खेळांतले हे टप्पे साधारण एकाच सुमारास आले, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवावी.

पुढे लॅटव्हिया सोव्हिएत राजवटीखाली गेला, पण रीगा शहराच्या क्लबांनी खेळ सोडला नाही. युरोपातल्या क्लबांची अजिंक्यपद स्पर्धा १९५८ साली सुरू झाली आणि पहिली तिन्ही विजेतेपदं रीगाच्या लष्करी क्लबने जिंकली. त्या संघात यानिस क्रूमिन्श नावाचा २१८ सेंटिमीटर उंचीचा खेळाडू होता. तो जंगलात काम करायचा. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्याने बास्केटबॉल हातात धरला नव्हता. कुणीतरी त्याला पाहिलं, शहरात आणलं आणि नेटाने शिकवलं. पुढे सोव्हिएत संघाकडून त्याने लागोपाठ तीन ऑलिंपिक रौप्यपदकं मिळवली. महिलांमध्ये उल्याना सेम्योनोव्हाने १९७६ आणि १९८० या दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. अलीकडचं सांगायचं, तर टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या तिघा-तिघांच्या बास्केटबॉलचं पहिलं सुवर्ण लॅटव्हियाच्या चार पोरांनी नेलं. आणि २०२३ साली हा देश विश्वचषकात पहिल्यांदाच उतरला, तेव्हा त्याने फ्रान्सला हरवलं, स्पेनला हरवलं आणि पाचवा क्रमांक पटकावला. त्या वेळी त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू दुखापतीमुळे संघातच नव्हता.

तो मोठा खेळाडू म्हणजे पोर्झिंगिस. जन्म १९९५ चा, लिएपाया या बंदराच्या गावचा. लिएपायाची वस्ती सत्तर हजारांच्या आतबाहेर. २०११ च्या जनगणनेत आपल्या वेल्हे तालुक्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, सुमारे ५४ हजार माणसं होती आणि भोर तालुक्यात सुमारे १ लाख ८६ हजार. म्हणजे पोर्झिंगिसचं गाव वेल्हे तालुक्याहून थोडं मोठं आणि भोर तालुक्याच्या निम्म्याहूनही लहान. एवढ्या वस्तीतून जगातल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगचा विजेता खेळाडू निघू शकतो, तर आपली लोकसंख्या कमी आहे ही सबब आपण कायमची बाजूला ठेवली पाहिजे.

त्याच्या घरात खेळ होता. वडील खेळलेले, थोरला भाऊ व्यावसायिक बास्केटबॉलपटू. पण घराइतकीच गावातली व्यवस्थाही महत्त्वाची होती. लॅटव्हियात नगरपालिका मुलांसाठी क्रीडाशाळा चालवतात. नेहमीची शाळा सुटली की मूल तिथे जातं. तिथे पगारी प्रशिक्षक असतो, हिवाळ्यात छताखाली सराव होतो आणि वयोगटानुसार देशभर लीगचे सामने होतात. हा मुलगा पंधराव्या वर्षी स्पेनमधल्या सेव्हियाला गेला, तेव्हा अंगाने काडी होता आणि त्याला रक्तक्षयही निघाला. तिथल्या क्लबने उपचार केले, आहार बदलला आणि धीर धरला. २०१५ साली अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये न्यूयॉर्क निक्सने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं. निवड जाहीर होताच न्यूयॉर्कच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. दोन-अडीच वर्षांत तेच प्रेक्षक त्याच्या नावाचा जयघोष करू लागले.

आणि मग ६ फेब्रुवारी २०१८ ला त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. सामन्यात परत यायला त्याला जवळपास वीस महिने लागले. दरम्यान संघ बदलला, डल्लास झालं. पुढे वॉशिंग्टन आणि मग बोस्टन. २०२४ साली बोस्टनने अजिंक्यपद जिंकलं. त्या अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात तो पोटरीच्या दुखापतीतून महिन्याहून अधिक काळाने परतला होता आणि त्याने वीस गुण केले. त्या वीस महिन्यांत तो गावी जाऊन बसला नाही, कारण त्याचा करार शाबूत होता, शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या अंगावर नव्हता, फिजिओथेरपिस्ट रोज त्याच्या गुडघ्याकडे बघत होता. त्याच्या जिद्दीला मी मानतोच. पण जिद्दीला टिकायला जागा लागते आणि ती जागा व्यवस्थेने दिली होती.

आता टाकळीभानला येऊ. अस्लम इनामदारच्या घरची परिस्थिती बेताची होती. मोठ्या शहराचा आधार नव्हता. गावच्या मातीत कबड्डी सुरू झाली. पुढे तो प्रो कबड्डी लीगमधल्या पुणेरी पलटणच्या युवा संघातून वर आला. डिसेंबर २०२१ मध्ये प्रो कबड्डीचा आठवा हंगाम बंगळुरूत प्रेक्षकांविना सुरू झाला आणि त्या हंगामात त्याने पदार्पण केलं. नवव्या हंगामात पलटण अंतिम फेरीत गेली, पण १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईतल्या सामन्यात अस्लम जखमी होता आणि पलटण जयपूरकडून २९-३३ अशी हरली. पुढच्या वर्षी, ७ ऑक्टोबर २०२३ ला, हांगचौच्या आशियाई खेळांत भारताने इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्ण परत आणलं. त्या संघात अस्लम होता आणि नाशिकचा आकाश शिंदेही होता.

लगेच दहावा हंगाम आला. अस्लम पलटणचा कर्णधार झाला. साखळीतल्या २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी आणि फक्त २ पराभव, ९६ गुणांसह संघ पहिला. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून पलटणने पहिल्यांदा अजिंक्यपद घेतलं. अस्लम हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. त्याच अंतिम सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले आणि सामना झुकवला. मागे प्रशिक्षक होते बी. सी. रमेश, स्वतः एके काळचे मोठे खेळाडू.

इथे थोडं थांबून एक चढाई जवळून बघू. चढाईपटूला ३० सेकंद मिळतात. मध्यरेषा ओलांडण्याआधीच दम सुरू करायचा. पावणेचार मीटरवर निदान रेषा आहे, ती ओलांडलीच पाहिजे. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. तिच्यापलीकडे पुरुषांच्या मैदानात पावणेदोन मीटर जागा उरते आणि तिथे दोन्ही कोपऱ्यांतले गडी दबा धरून असतात. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. चढाईपटू एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो, दुसरा पाय हवेत ठेवतो, कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेप घेतो, आणि त्याच क्षणी अंगाचं सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर फिरतं. पाठोपाठ मधला गडी मांडीला घट्ट धरतो आणि उरलेले पाच जण वरून पडतात. दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील, तर तिसऱ्यात गुण आणायचा किंवा बाद व्हायचं. अशा कितीतरी चढाया एका सामन्यात, आणि दहाव्या हंगामात तर एकट्या साखळीतच बावीस सामने होते. कबड्डीपटूचा गुडघा, घोटा आणि खांदा हीच त्याची पुंजी, आणि प्रत्येक पकडीत ती पणाला लागते.

म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये अस्लमचा गुडघा दुखावला आणि त्याचा उरलेला हंगाम गेला, तेव्हा कबड्डी जाणणाऱ्या कुणाला नवल वाटलं नाही. बाराव्या हंगामासाठी तो पुन्हा कर्णधार म्हणून उतरला आणि पलटण परत अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीने तो सामना ३१-२८ असा जिंकला. हरले तरी दुखापतीनंतर संघ त्याच कर्णधाराच्या मागे उभा राहिला, याला मी विजेतेपदाइतकीच किंमत देतो.

पण आपण सगळे जत्रांमधल्या आणि प्रकाशझोतातल्या स्पर्धांमधल्या कबड्डीवर वाढलो आहोत. तिथे बावीस वर्षांच्या पोराचा गुडघा गेला तर काय होतं, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मैदानाबाहेर उचलून आणतात, बर्फ लावतात, सामना पुढे सुरू होतो. शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या घरावर. पुढचे आठ-नऊ महिने व्यायाम करून घ्यायला कुणी नाही. पोरगा अर्धवट बऱ्या गुडघ्याने पुन्हा उतरतो आणि दुसऱ्यांदा पडतो. त्याची कारकीर्द कुठेही नोंदली न जाता संपते. म्हणून स्पर्धेच्या पहिल्या बक्षिसाची रक्कम वाढवण्याआधी प्रत्येक आयोजकाने खेळाडूंचा विमा उतरवावा, अशी माझी मागणी आहे.

आता पैशाचं सरळ बोलतो, कारण पालक तेच विचारतात. प्रो कबड्डीच्या २०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले, ती त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली होती. दहाव्या हंगामाच्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली आणि पलटणने इराणच्या शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. हे आकडे खरे आहेत. पण लीगमध्ये संघ १२ आणि प्रत्येक संघात साधारण १८ ते २५ खेळाडू. म्हणजे अख्ख्या देशासाठी जागा तीनशेच्या आत, आणि त्यातही परदेशी खेळाडू. लिलावाची सर्वांत खालची पायरी काही लाखांची आहे आणि हंगाम वर्षातून दोन-तीन महिन्यांचा. तेव्हा पालकांनो, मुलाला कबड्डीत जरूर घाला, पण शिक्षण सोडवून घालू नका. राज्याच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांचे संघ आहेत. बहुतेक कबड्डीपटूंचा संसार या नोकऱ्यांवर उभा राहिला आहे. त्या नोकरीला प्रमाणपत्र लागतं आणि पदवीही लागते.

मुलींबद्दल बोललो नाही, तर हे व्याख्यान अर्धंच राहील. २०१२ साली पाटण्यात महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के होत्या. हांगचौला महिलांचं सुवर्ण अवघ्या एका गुणाने, चिनी तैपेईवर २६-२५ असं आलं, आणि त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. पुरुषांची लीग बारा हंगाम चालली. मुलींसाठी २०१६ साली तीन संघांची छोटी स्पर्धा झाली आणि थांबली. आपल्या लेकी पुरुषांइतकीच सुवर्णं आणतात आणि त्यांना दरवर्षी भरणारी तशी लीग नाही, हा अन्याय आहे. तो मुंबई-दिल्लीत दुरुस्त होईल तेव्हा होईल. आपण तोवर एवढं करू शकतो की तालुक्यात मुलांची जी स्पर्धा भरेल, तीच मुलींची भरेल, तेवढ्याच बक्षिसाची.

शेवटी आपल्या दोन तालुक्यांकडे येतो. इथे काय आहे? डोंगर चढून शाळेत जाणारी, भातलावणीत चिखलात दिवसभर वाकणारी, पायात आणि पाठीत ताकद असलेली मुलं आहेत. गावोगावच्या जत्रांमध्ये कबड्डीची परंपरा आहे. आणि काय नाही? भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर अशी धरणं याच डोंगरांत झाली. त्यात सपाट जमीन पाण्याखाली गेली. जी उरली ती भाताची खाचरं. रायरेश्वराच्या आणि राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांवर सपाट मैदान मिळणं खरोखरच अवघड आहे. त्यात चार महिने पाऊस असा, की मैदानाचं खाचर होतं. नेमक्या त्याच वेळी, पावसाळा सरत असताना, शालेय स्पर्धा सुरू होतात. म्हणजे आपली मुलं सरावाविना स्पर्धेला जातात आणि पहिल्याच सामन्यात हरतात. चौदा, सतरा, एकोणीस, प्रत्येक वयोगटात हेच चालतं.

यावर एक हिशेब सांगतो. तालुक्याच्या स्पर्धेला सोळा शाळा आल्या आणि स्पर्धा बाद पद्धतीची ठेवली, तर एकूण पंधरा सामने होतात आणि आठ शाळांना वर्षातून एकच सामना मिळतो. हरलेल्या पोरांचा वर्षाचा खेळ एका दुपारी संपतो. त्याच सोळा शाळांचे चार-चारांचे चार गट केले, तर गटातलेच चोवीस सामने होतात आणि सगळ्यात कच्च्या शाळेलाही तीन सामने मिळतात. खेळाडू सराव करून शिकतो, पण सामने खेळून पक्का होतो. लॅटव्हियाच्या क्रीडाशाळेचं मर्म हेच आहे. हे करायला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. दिवाळीनंतर, सुगी आटोपली की, तालुक्यातल्या मंडळांनी आणि शाळांनी मिळून गटवार लीग भरवावी.

मैदानाचंही तसंच आहे. पूर्ण क्रीडासंकुल मागत बसण्यापेक्षा तेरा बाय दहा मीटरची एक जागा, वर पत्र्याचं छत, खाली मॅट, एवढं प्रत्येक केंद्रशाळेत झालं तरी पावसाळ्यातला सराव वाचेल. महिलांचं मैदान तर बारा बाय आठ मीटरचं. एवढी सपाट जागा डोंगरातल्या गावातही निघते. पुणे पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं आणि तिथे सगळं आहे. पण भोर-वेल्ह्याच्या आडवळणाच्या वाडीतल्या तेरा वर्षांच्या मुलीला बालेवाडी रोज गाठता येत नाही. तिची सुरुवात तिच्या शाळेच्या आवारातच व्हायला हवी.

आणि प्रशिक्षक हवा. या तालुक्यांतले कितीतरी जुने खेळाडू आज नोकरीतून मोकळे झाले आहेत किंवा सुट्टीच्या दिवशी गावी असतात. त्यांना मी हात जोडून सांगतो : आठवड्यातून दोन संध्याकाळ द्या. पायाचं तंत्र, पडायचं कसं, पकडीत खांदा कसा वाचवायचा, हे चौदाव्या वर्षी कळलं तर बाविसाव्या वर्षीचा गुडघा वाचतो. ज्यांच्याकडे प्रशिक्षणाची पदवी नाही, त्यांनी ती घ्यावी. ग्रामपंचायतींनी आणि मंडळांनी त्यांचा प्रवासखर्च उचलावा.

अस्लम इनामदारला टाकळीभानने मोठं केलं, पोर्झिंगिसला लिएपायाने. भोर-वेल्ह्याचं नाव अशा यादीत यायला गुणवान मुलांची वाण नाही. येत्या ग्रामसभेत छताखालच्या एका मैदानाचा आणि खेळाडूंच्या विम्याचा विषय मांडा, ठराव करून घ्या, आणि पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेच्या आठवड्यातच मुलामुलींच्या गटवार लीगचा पहिला सामना भरवा. बोलावलंत तर मी प्रेक्षक म्हणून येईन.